नागपूर–मुंबई: नकाशावरची ५१ मिनिटं आणि रात्रीचे १०:४१

काकांनी शाळेचा जुना नकाशासंग्रह टेबलावर उघडला आणि महाराष्ट्राच्या पानावर पांढरा दोरा ताणला. एक टोक नागपूरवर, दुसरं मुंबईवर. दोरा कारंज्याच्या वरून गेला, छत्रपती संभाजीनगरला जवळजवळ चिकटून पुढे सरकला, शिर्डी उजव्या हाताला ठेवून माळशेजपाशी सह्याद्री ओलांडून कल्याणकडे उतरला. प्रमाणपट्टीवर मोजल्यावर अंतर आलं ६८५ किलोमीटर. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून मी नंतर हिशोब केला, तर ते ६८४ भरलं. ३४ वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचा हात अजून तितकाच पक्का आहे.

"विमानाचा वेग ८०० धर," काका म्हणाले. "५१ मिनिटं. मग तिकिटावर एक तास ३५ मिनिटं कशी काय लिहिली आहेत?"

मी नागपुरात सीताबर्डीला तिकिटं काढून देण्याचं काम करतो. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारतोच. काकांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर पुढचं बरंच काही अवलंबून होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

परिस्थिती अशी होती. काका-काकू वर्ध्याला राहतात. मुलगी जर्मनीत आहे आणि तिला बाळ होणार होतं. मुंबईहून पुढचं तिकीट तिनेच तिकडून काढलं होतं, सहारच्या टर्मिनल २ वरून रात्री ११:५५ चं. नागपूर–मुंबई तिकीट मला काढायचं होतं. म्हणजे तिकिटं दोन आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. दुपारी ४:२० ला निघून ५:५५ ला पोचणारं एक विमान होतं आणि संध्याकाळी ७:१० ला निघून ८:४५ ला पोचणारं दुसरं. मी पहिलं सुचवलं. काकांना दुसरं हवं होतं.

"८:४५ ला पोचलो तरी तीन तास दहा मिनिटं हातात आहेत. सहा तास तिथं बसून काय करायचं बाप्पा? तुझ्या काकूचा गुडघा बसून बसून आखडतो."

गुडघ्याची गोष्ट खरी होती. मी जास्त ताणलं नाही, आणि माझी चूक तिथेच झाली. फक्त एवढं ठरवलं की मुंबईपर्यंत मीही सोबत जायचं. वाटेत मी वहीत वेळा टिपत गेलो. पुढचे आकडे त्याच वहीतले आहेत.

त्याआधी काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. तिकिटावर छापलेली वेळ ही उडण्याची वेळ नसते. विमान उभं असताना चाकांखाली पाचरी लावलेल्या असतात. त्या काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर ठरलेल्या जागी उभं राहिलं की थांबतं. या खात्यातली माणसं त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत चालत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा चालत येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. वर कंपनी आपल्या अनुभवाने थोडी सैल वेळही घालते. कारण ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर मानलं जातं, आणि मोठ्या विमानतळांवर कोणत्या कंपनीची किती विमानं वेळेवर होती याचे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला जाहीर करतं.

दुसरं म्हणजे ८०० चा वेग. या मार्गावरचं जेट विमान वर स्थिरावल्यावर साधारण ८३० किलोमीटरच्या वेगाने जातं हे बरोबर. पण ते वर किती वेळ असतं? चढायला सुमारे २० मिनिटं आणि दोनेकशे किलोमीटर लागतात, उतरायलाही जवळपास तेवढंच अंतर. ६८४ मधून हे वजा केलं तर पूर्ण वेगाचा पल्ला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उरतो. दहा हजार फुटांच्या खाली तर वेगावर मर्यादाच असते, २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. वर्धा ते नागपूर रस्त्यावर गावं, गतिरोधक आणि सिग्नल धरून सरासरी काढावी लागते, तसंच हे आहे. लांबच्या प्रवासात चढ-उताराचा वाटा किरकोळ ठरतो, जवळच्या प्रवासात तोच निम्म्याहून जास्त होतो. म्हणून अंतराला ८०० ने भागण्याचा हिशोब मुंबई–लंडनला बराच जवळ जातो आणि नागपूर–मुंबईला पार फसतो. इंटरनेटवरचे काही कॅल्क्युलेटर याच कारणाने सरसकट अर्धा तास वाढवतात. त्या हिशोबाने आपलं उत्तर एक तास २१ मिनिटं येतं. ते सत्याच्या जवळ आहे, पण वाटेत काही अडलं नाही तरच.

अडतं कुठे, तर मुंबईत. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. धावपट्टीला तिच्या दिशेच्या अंशांवरून क्रमांक देतात. मुंबईची मोठी धावपट्टी ०९/२७, म्हणजे पूर्व-पश्चिम. दुसरी १४/३२, ती तिरकी. छेदत असल्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत, म्हणून व्यवहारात ती एकाच धावपट्टीची जागा आहे. त्या एका धावपट्टीवर दिवसाला नऊशेहून जास्त विमानांची ये-जा चालते. गर्दीच्या वेळी तासाला ४५ च्या आसपास, म्हणजे दर ८० सेकंदांना एक. त्यात पावसाने दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागलं की रांग मागे सरकत सरकत पार मराठवाड्याच्या आकाशापर्यंत पोचते. संध्याकाळ आणि रात्र ही सगळ्यात गर्दीची वेळ. आमचं विमान त्याच वेळेचं होतं आणि महिना ऑगस्टचा.

आता वही.

वर्ध्याहून दुपारी ३:१५ ला निघालो. नागपूर विमानतळ वर्धा रोडवरच, सोनेगावला आहे. शहरात शिरावं लागत नाही, त्यामुळे सुमारे ७५ किलोमीटरचा हा तुकडा विनासायास पार पडला. आत जाऊन सामान दिलं, काकूंसाठी व्हीलचेअर मागितली. ७:१० झाले तरी विमान जागेवर नव्हतं. ते मुंबईहूनच येणार होतं आणि तिथून निघायलाच त्याला उशीर झाला होता. जाणारं-येणारं विमान एकच असतं, त्यामुळे मुंबईची सकाळची गर्दी नागपूरच्या संध्याकाळवर येऊन पडते. ज्यांना हे माहीत नसतं ते नागपूरच्या स्वच्छ आभाळाकडे बघून विचारतात, उशीर कशाचा?

७:३१ ला चाकं हलली. ७:४१ ला जमीन सुटली. नागपूरला धावपट्टी एकच आहे, रांग नव्हती, दहा मिनिटांत वर. ऑगस्टात वरच्या थरांतला वारा पूर्वेकडून वाहतो, म्हणजे मुंबईकडे जाताना तो पाठीशी होता. काका खिडकीशी बसून घड्याळ बघत होते. ८:३२ ला त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांची ५१ मिनिटं संपली होती. खाली अंधार, विमान उताराला लागलेलं. आणि तेवढ्यात वैमानिकाने सांगितलं की मुंबईत पाऊस आहे, गर्दी आहे, आपल्याला थांबायला सांगितलं आहे.

विमान हवेत थांबतं म्हणजे ठरलेल्या जागी लांबट गोल घेत राहतं. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. एका फेरीला चार मिनिटांच्या वर. पंख कललेला की पलीकडच्या खिडकीत ढगातली वीज दिसायची, सरळ झाला की अंधार. अशा तीन फेऱ्या झाल्या, १३ मिनिटं गेली. काकू डोळे मिटून होत्या. काका बोटांवर काहीतरी मोजत होते. मी विचारलं नाही.

८:५६ ला चाकं टेकली. ९:०९ ला विमान उभं राहिलं, टर्मिनल १ च्या बाजूला, इमारतीपासून दूर, बसने न्यावं लागेल अशा जागी. चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत ९८ मिनिटं झाली होती. छापलेली वेळ ९५. आकाशात १३ मिनिटं गोल फिरूनसुद्धा फरक फक्त तीन मिनिटांचा! सैल वेळ कशाला घालतात ते इथे दिसतं. मुंबईत असं काहीतरी होणारच हे कंपनीने आधीच धरलेलं होतं.

इथपर्यंत ठीक होतं. ठरल्यापेक्षा २४ मिनिटं उशीर, हातात अजून पावणेतीन तास. काकांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. माझ्या मनात मात्र धाकधूक तिथून सुरू झाली, कारण आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होणार होता. म्हणजे खरी वेळ ११:५५ नव्हती, १०:५५ होती.

व्हीलचेअरच्या प्रवाशांना सगळ्यात शेवटी उतरवतात. काकू ९:२४ ला उतरल्या. इमारतीत ९:३६. आमच्या बॅगा पट्ट्यावर गोल फिरत होत्या, पाचच मिनिटं लागली. बाहेर टॅक्सीला रांग आणि पाऊस. ९:५२ ला टॅक्सी मिळाली. टर्मिनल १ सांताक्रूझच्या अंगाला, टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहारमध्ये. मध्ये विमानतळाचीच भिंत, पण रस्त्याने वळसा घालून चार-पाच किलोमीटर. रात्रीच्या पावसात द्रुतगती महामार्गावर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. वायपर फिरत होते आणि समोरचे लाल दिवे हलत नव्हते. "मी उतरून चालते," काकू म्हणाल्या. गुडघ्याला पट्टा बांधलेली ती बाई मनापासून म्हणत होती. काकांनी तिचा हात धरून ठेवला.

१०:१९ ला दरवाज्यापाशी पोचलो. माझं तिकीट मुंबईपर्यंतचंच, मला आत सोडणार नव्हते. एका कर्मचारी मुलीने काकूंना बघून व्हीलचेअर मागवली, दोघांना बाजूच्या रांगेतून घेतलं. त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही, याची रुखरुख अजून आहे. १०:३० ला ते आत गेले. मी खांबाला टेकून फोन हातात धरून उभा. १०:४१ ला काकांचा फोन आला: "काउंटरवर उभे आहोत. बॅगा घेतल्या."

१४ मिनिटं उरली होती.

परत आल्यावर मी बेरीज मांडली. ७:१० ते १०:४१ म्हणजे २११ मिनिटं. त्यातली जमिनीवर निघायची वाट पाहण्यात आणि धावपट्टीपर्यंत ३१. हवेत ७५, पैकी १३ गोल फिरण्यात. उतरल्यावर उभं राहीपर्यंत १३. आणि विमान उभं राहिल्यापासून काउंटरपर्यंत ९२. नागपूर ते मुंबई ६८४ किलोमीटरला ७५ मिनिटं, आणि मुंबई ते मुंबई चार-पाच किलोमीटरला ९२. हा आकडा मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, विशेषतः ज्यांचं पुढचं तिकीट वेगळं आहे त्यांना. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असते तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढची सोय करणं कंपनीकडे आलं असतं. वेगळ्या तिकिटांत ती जबाबदारी कोणाचीच नसते. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही घरून उशिरा निघालेले प्रवासी.

म्हणून हिशोब उलट्या बाजूने करायला हवा. काउंटर बंद १०:५५. सामान आणि वयस्कर माणसं असताना त्याच्या दोन तास आधी तिथं असावं, म्हणजे ८:५५. उतरण्यापासून काउंटरपर्यंत दीड तास धरा, ७:२५. पहिल्या विमानाला एक तास उशीर होऊ शकतो असं माना, ६:२५. छापील पोचण्याची वेळ याच्या आतली हवी. ५:५५ चं विमान या हिशोबात बसतं, ८:४५ चं बसत नाही. यात अंतर कुठेच आलं नाही, आणि ते येण्याची गरजही नाही. ६८४ किलोमीटरला लागणारा वेळ जवळपास ठरलेला आहे. जे हलतं ते दोन्ही टोकांना.

वाऱ्याबद्दल मला पुष्कळ जण विचारतात. या मार्गावर त्याचा फरक थोडाच पडतो. नुसता ८३० चा वेग धरला, तर ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आल्यास ६८४ किलोमीटरला ५३ मिनिटं, पाठीशी असला तर ४६. सात मिनिटं, बस. पण अंतर वाढलं की हाच वारा सगळा हिशोब उलटवतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीच्या अटलांटिकवरच्या वाटेऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. आधीची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, नवी १५,३०० ची. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही वारा पाठीशी असल्याने ते साडेचौदा तासांत पोचलं, जवळजवळ दोन तास आधी. लांबची वाट आणि कमी वेळ! हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि वहीत लिहून ठेवलं.

काका-काकू नोव्हेंबरात नातीला भेटून परतले. येताना काकांनी स्वतः वेळा टिपल्या होत्या, माझ्यापेक्षा नेटक्या. मुंबईत जागेवरून हलल्यापासून उड्डाणापर्यंत २७ मिनिटं, पुढे आठ विमानं होती असंही लिहिलेलं. हवेत ५६. नागपूरला उतरून उभं राहायला चार. एकूण ८७. हिवाळ्याकडे वळलं की आपल्या डोक्यावरचा वारा पश्चिमेचा होतो, म्हणजे या वेळी तो नागपूरच्या दिशेने ढकलत होता. थांबायला सांगणारं इकडे कोणी नव्हतं. ऑगस्टातल्या ७५ मधून गोल फिरण्याची १३ काढली तर ६२ उरतात. ६२ आणि ५६, एवढाच खरा आकाशातला फरक. बाकी सगळा जमिनीचा.

त्या दिवशी विमानतळावरून वर्ध्याला जाताना काकांनी त्यांच्या वडिलांची आठवण काढली. ते पोस्टात होते. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचं केंद्र नागपूर होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चार दिशांनी डकोटा विमानं रात्री निघायची, मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परत. आज मोजलं तर नागपूरहून मुंबई ६८४, दिल्ली सुमारे ८५०, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५ किलोमीटर. डकोटाचा वेग आजच्या जेटच्या निम्म्याहूनही कमी. तरी मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात असायचं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. त्या वेळापत्रकात थैल्या बदलायला लागणारा वेळ आधी धरलेला होता, चारही विमानं येईपर्यंत कोणी निघणार नाही हे ठरलेलं होतं. उडण्याचा वेग किती यावर ते उभं नव्हतं. काकांच्या वडिलांना म्हणे नागपूरची रात्र विमानांच्या आवाजावरून कळायची.

पुढच्या उन्हाळ्यात दोघांना पुन्हा जायचं आहे. या वेळी काकांनी फोन केला तो दुपारच्या विमानासाठीच. पण आता एक नवी गोष्ट मध्ये आली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरात तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तिकीट शोधताना "मुंबई" लिहिलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाखाली एक दिसतात, नवी मुंबईचं कधी स्वस्तही असतं. हा नवा विमानतळ उलव्याला आहे. नकाशावर उलवे ते सहार २५ किलोमीटरच्या आतच आहे. रस्त्याने खाडी ओलांडून ३५–४० किलोमीटर, आणि मध्ये मुंबईची संध्याकाळ. टर्मिनल १ ते टर्मिनल २ ला जिथे २७ मिनिटं टॅक्सीत गेली, तिथे हे किती होईल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. सहारहून पुढे जाणाऱ्यांना मी सध्या तरी नवी मुंबईचं तिकीट काढून देत नाही, स्वस्त असलं तरी.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "५:५५ चं बघ. सहारचंच. आणि काकूची व्हीलचेअर आत्ताच लिहून दे."